सटवाईचा कोरा कागद

लेकरांनो, सटवाई येईस्तोवर जागायचं तुम्ही ठरवलंच आहे, तर ती कोण, कुठून आली आणि तिचं नाव असं कसं पडलं, ते आधी ऐका. आत बाळंतिणीच्या खोलीत पाटा मांडलाय, त्यावर वरवंटा ठेवून हळदकुंकू वाहिलंय. बाजूला कोयता आहे, कोरा कागद आहे, पेन आहे. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, कारण लिहायला उजेड लागतो. आज बाळाची पाचवी, उद्या सटी. या रात्रीत सटवाई येते, बाळाच्या कपाळावर त्याचं सगळं आयुष्य लिहिते, मरण कधी तेही लिहिते, आणि तिचं लिहिलेलं ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही, असं आपली माणसं पिढ्यान् पिढ्या मानत आली.

माणूस ज्या गोष्टीतून जन्मभर सुटत नाही, तिला आपण ‘पाचवीला पुजलेली’ म्हणतो. तेलगावात कुठल्याही पारावर बसा, धारूरला जा, वडवणीला जा, ‘दुष्काळ आमच्या पाचवीलाच पुजलेला’ हे वाक्य कानावर पडतंच. त्या वाक्यातली पाचवी म्हणजे हीच, आजची.

आता नाव. मार्गशीर्षात खंडोबाची सट असते, त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि रोडगे असतात, म्हणून तुमच्या ती लक्षात आहे. ती सट म्हणजे चंपाषष्ठी. षष्ठी म्हणजे सहावी. आपल्या तोंडी षष्ठीची सट झाली, सटी झाली, आणि त्या सहाव्या रात्रीची आई ती सटवाई. कोणी सटवी म्हणतं. पुढं भांडणात बायका एकमेकींना ‘सटवी’ म्हणायला लागल्या. मला ते कधीच बरं वाटलं नाही. भीतीपोटी देवीची शिवी केली माणसांनी. पण एक गोष्ट बघा. जिच्या हाती सगळ्यांचं नशीब आणि सगळ्यांचं मरण, तिच्या नावात ना नशीब आहे ना मरण. नुसता एक आकडा आहे. सहा.

मग माझा प्रश्न असा की सहाच का? बाळ जन्मल्या जन्मल्या का नाही लिहीत ती? बाराव्या दिवशी का नाही?

ही देवी काही आपल्या बीडचीच नाही. जुन्या ग्रंथांत तिला षष्ठीदेवी म्हणतात, कार्तिकेयाची बायको म्हणतात. पुराणात प्रियव्रत राजाची गोष्ट आहे. त्याचं मेलेलं जन्मलेलं पोर या देवीनं जिवंत केलं. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी बाणभट्टानं ‘कादंबरी’ लिहिली, तिच्यात राणीच्या बाळंतिणीच्या खोलीचं वर्णन आहे, आणि तिथंही ही देवी आहे. बंगालात ती आहे, उत्तरेत छठी आहे. इतक्या मोठ्या मुलखात, इतक्या शतकांत, सगळ्यांनी सहावाच दिवस धरला. एवढी माणसं उगाच एका आकड्याला घाबरत नाहीत. त्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं.

काय पाहिलं असेल?

माझी आई सांगायची ते आठवतं. बाळ चांगलं जन्मायचं. रडायचं, अंगावर प्यायचं. पहिला दिवस बरा जायचा, दुसरा बरा जायचा. घरात आनंद असायचा. मग चौथ्या-पाचव्या-सहाव्या दिवशी कधीतरी बाळ छाती धरेनासं व्हायचं. तोंड उघडायचं नाही. आई पिळून दूध ओठांवर सोडायची, ते बाहेर यायचं. ओठ ताणले जायचे, मुठी आवळायच्या. कोणी दार वाजवलं, भांडं पडलं, उजेड आला, की अंग कडक व्हायचं आणि पाठ मागं वाकायची. बाळ शुद्धीत असायचं, लेकरांनो. एक-दोन दिवसांत संपायचं. म्हाताऱ्या म्हणायच्या, सटवाईनं एवढंच लिहिलं होतं.

म्हणून आपल्याकडं बारसं बाराव्या दिवशी. धोका टळल्याशिवाय नाव ठेवायचं नाही. आणि ज्या घरात दोन-तीन पोरं अशी गेली, तिथं पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा. असल्या नावाचं पोर कोणाला हवंसं वाटणार, सटवाईनं दुर्लक्ष करावं म्हणून. काहींनी तिलाच शरण जाऊन पोराला सटवा, सटवाजी म्हटलं. आपल्या भागातले जुने सातबारे काढा, ही नावं किती सापडतील बघा. त्या प्रत्येक नावामागं एका आईची भीती आहे.

आणि ही भीती फक्त आपल्या मुलखाची नव्हती. पंजाबात याच आजाराला आठव्या दिवसाचा आजार म्हणायचे. फार लांब, स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सेंट किल्डा नावाची बेटं आहेत. तिथं मूठभर माणसं राहायची, समुद्रपक्षी धरून पोट भरायची. तिथं एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळं याच दुखण्यानं जायची. तिथल्या बायका बाळ जगतं की नाही हे कळेपर्यंत त्याच्यासाठी कपडेसुद्धा शिवत नसत. तिथले लोकही त्याला आठ दिवसांचं दुखणंच म्हणायचे, आणि देवाची इच्छा म्हणून गप्प बसायचे. ना त्यांना आपली सटवाई ठाऊक, ना आपल्याला त्यांचं बेट. पण दिवस जवळपास तोच.

एकच दिवस सगळीकडं पाळणारं असं कोण असेल? देवी असेल, नाहीतर निसर्गातला एखादा नेम असेल. हा नेम होता, आणि तो आपल्या पायाखालच्या मातीत होता.

आपण गावाला पांढरी म्हणतो आणि रानाला काळी. त्या नेमामागं एक जंतू आहे, तो काळीतही आहे आणि पांढरीतही. तो गाईगुरांच्या, घोड्यांच्या आतड्यात राहतो, शेणातून मातीत येतो. शेणखत पडलं त्या रानात तो आहे, सारवलेल्या जमिनीत आहे, धुळीत आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर सडपातळ दांडा आणि एका टोकाला गोल फुगवटा दिसतो. त्या फुगवट्यात त्याचं सगळं गुपित आहे. या जंतूला हवा सोसत नाही. आपण ज्याच्यावर जगतो तो प्राणवायू त्याला मारतो. मग मोकळ्या रानात तो जगतो कसा? तो जगतच नाही. तो आपला सगळा मजकूर त्या फुगवट्यात गुंडाळून ठेवतो, भोवती जाड कवचं चढवतो आणि बाकीचं शरीर सोडून देतो. उरतो तो बीजाणू. तो खात नाही, वाढत नाही, श्वास घेत नाही. वैशाखातलं ऊन त्याला काही करत नाही, पाणी उकळलं तरी त्यातले काही टिकून राहतात. वर्षानुवर्षं तो तसाच पडून राहतो आणि हवा नसलेली, ओलसर, उबदार जागा मिळण्याची वाट बघतो.

तुम्ही म्हणाल, आबा, अशी जागा कुठं मिळणार? नाळेच्या तुकड्यात मिळते.

बाळ पोटात असतं तेव्हा नाळेतून फिरणारं रक्त त्याला आईकडून अन्न आणि प्राणवायू आणून देतं. जन्मल्यावर नाळ कापतात, बेंबीला चार बोटांचा तुकडा राहतो. त्यात आता रक्त फिरत नाही. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही. तो तुकडा हळूहळू वाळतो आणि पाच ते पंधरा दिवसांत गळून पडतो. तोवर बाळाच्या अंगावर एक मेलेला, ओला, उबदार कोपरा असतो. पूर्वी नाळ कापायची ती विळ्यानं, कोयत्यानं. रानातून आणलेल्या, मातीच्या कोयत्यानं. मग बेंबीला राख लावायची, काही ठिकाणी शेण लावायचं. सुईणीच्या मनात वाईट नव्हतं, लेकरांनो. रक्त थांबावं, बेंबी लवकर वाळावी, एवढंच तिला हवं होतं. पण बीजाणू ज्या जागेची वाट बघत होता, ती जागा आणि तो, दोघांची गाठ तिच्या हातानं पडायची.

बीजाणूला जाग यायला वेळ लागतो. कवच फोडायचं, वाढायचं, दोनाचे चार व्हायचे, मग विष तयार करायचं. जंतू स्वतः त्या तुकड्यातून हलत नाही. प्रवास विष करतं. ते रक्तातून अंगभर पोचतं, पण मज्जेत थेट रक्तातून शिरत नाही. ते स्नायूंपाशी येऊन टेकलेल्या चेतातंतूंच्या टोकांत शिरतं आणि तंतूच्या आतून उलटं, पाठीच्या कण्यातल्या मज्जेकडं चढत जातं. दिवसाकाठी दहा-वीस सेंटिमीटर एवढीच त्याची चाल. आता हिशेब करा. बीजाणूला जाग यायला दोन-तीन दिवस, विष साठायला आणि चढायला दोन-तीन दिवस. किती झाले?

चार ते सहा. आपला आकडा त्यातच येतो.

विष वर पोचून काय करतं, ते ऐका. बैलाला औत ओढायला नुसतं हाकलून भागत नाही, कासऱ्यानं आवरावंही लागतं. आपल्या स्नायूंचं तसंच आहे. मज्जेतून स्नायूला दोन प्रकारचे निरोप येतात, एक ‘आवळ’ आणि दुसरा ‘सैल सोड’. हात वाकवताना पुढचा स्नायू आवळतो, तेव्हा मागच्याला सैल सोडायचा निरोप जातो, म्हणून हात वाकतो. हे विष फक्त सैल सोडणारा निरोप तोडतं. तो निरोप सोडणाऱ्या पेशीत एक छोटं प्रथिन असतं, ते विष कातरतं. हे नेमकं प्रथिन १९९२ साली इटलीतल्या पाडुआच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. कासरा तुटला की उरतो तो फक्त ओढा. सगळे स्नायू एकदम आवळतात. जबड्याचे तंतू आखूड, म्हणून तिथं विष लवकर पोचतं आणि आधी दातखीळ बसते. बाळ छाती धरत नाही ते यासाठी. त्याला भूक असते, प्यायचं असतं, पण तोंड उघडत नाही. मग पाठीचे स्नायू आवळतात. ते पोटाच्या स्नायूंपेक्षा दणकट, म्हणून अंग मागं वाकतं, धनुष्यासारखं. म्हणून या दुखण्याचं आपलं नाव धनुर्वात.

ते नाव फार जुनं आहे. सुश्रुतानं धनुःस्तंभ म्हणून याचं वर्णन केलंय, आणि त्याच्या नजरेचं मला नेहमी कौतुक वाटतं. जखमेनंतर किंवा गर्भपातानंतर येणारा हा झटका बरा होत नाही, असं त्यानं लिहून ठेवलं. जखम, गर्भपात आणि धनुर्वात यांचा संबंध आहे हे त्याला दिसलं होतं. जंतू त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्यानं वाताला दोष दिला, आपल्या म्हाताऱ्यांनी सटवाईला दिला.

आणि विष किती लागतं? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. वजनाच्या एका किलोमागं असे अडीच भाग माणसाला मारायला पुरतात. तीन किलोच्या बाळाला सात-आठ. इतकं थोडं विष, की शरीराला त्याची नीट ओळखही होत नाही. म्हणून धनुर्वातातून एखादा वाचला, तरी त्याला पुन्हा धनुर्वात होऊ शकतो. गोवर एकदा होऊन गेला की शरीर तो विसरत नाही. इथं मारून टाकण्याइतकं विष शिरतं, पण शिकण्याइतकं शिरत नाही. निसर्गात मी पाहिलेल्या, वाचलेल्या गोष्टींत याहून विलक्षण फार थोड्या आहेत.

आता हे उकललं कसं, ते. १८८४ साली जर्मनीत गोटिंगेन गावात निकोलायर नावाच्या तरुण डॉक्टरानं बागेतली साधी माती घेतली आणि प्राण्यांच्या कातडीखाली घातली. प्राण्यांना धनुर्वात झाला. म्हणजे दुखणं मातीत होतं. पण त्या मातीत शेकडो तऱ्हेचे जंतू, त्यातला हा कोणता? वेगळा काढायला गेलं की तो मरायचा. काही शास्त्रज्ञ म्हणायला लागले की हा एकटा वाढतच नाही.

तेव्हा जपानहून एक माणूस बर्लिनला आला होता, कितासातो शिबासाबुरो. क्युशू बेटावरच्या डोंगरातल्या खेड्यातला मुलगा. रॉबर्ट कोख या मोठ्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत तो शिकत होता. त्यानं या जंतूचे दोन स्वभाव धरले. एक, बीजाणूला उष्णता सोसते. मग त्यानं सगळं मिश्रण ८० अंशांवर तासभर तापवलं. बाकीचे जंतू मेले, बीजाणू राहिले. दुसरा, याला हवा नको. मग त्यानं हवा काढून हायड्रोजन वायूत तो वाढवला. १८८९ साली धनुर्वाताचा जंतू पहिल्यांदा एकटा, शुद्ध वाढला. पुढच्याच वर्षी त्यानं आणि त्याच प्रयोगशाळेतल्या बेरिंगनं मिळून सशाला त्या विषाची हळूहळू सवय लावली, त्या सशाच्या रक्तातला पातळ भाग उंदरांना टोचला आणि मग उंदरांना विष दिलं. उंदीर जगले. ज्या विषापुढं हजारो वर्षं कोणाचं काही चाललं नव्हतं, त्याला उतारा सापडला, आणि तो रक्तातच होता. जपाननं २०२४ साली नवी एक हजार येनची नोट काढली, तिच्यावर या कितासातोचा चेहरा आहे.

सशात रक्त किती असणार? म्हणून पुढं घोडे आले. हाच जंतू घोड्याच्या आतड्यात सुखानं राहतो, आणि त्याच्या विषावरचा उतारा घोड्याच्याच रक्तातून काढतात. याचा एक धागा आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याला पूनावालांचा शर्यतीच्या घोड्यांचा फार्म. तिथले म्हातारे झालेले घोडे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला जायचे, तिथं त्यांच्या रक्तातून औषध तयार व्हायचं. त्यातून १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली आणि धनुर्वाताच्या औषधापासूनच तिची सुरुवात झाली. आज जगातली कितीतरी मुलं तिथली लस घेतात.

पण उतारा आणि लस यांत फरक आहे. उतारा दुसऱ्यानं करून दिलेला, थोडे दिवस टिकतो. लस म्हणजे शरीराला स्वतः शिकवणं. फ्रान्समध्ये रामों नावाच्या पशुवैद्यानं १९२० च्या दशकात विषात फॉर्मॅलिन घालून ते उबेत ठेवलं. विषाचा दंश गेला, ओळख राहिली. दुखण्यातून जे शरीर शिकत नाही, ते या निर्धोक केलेल्या विषातून शिकतं.

तरी अडचण होतीच. बाळाला जन्मल्यावर लस दिली तर त्याचं शरीर शिकायला आठवडे लागणार, आणि आपल्याकडं आहेत सहा दिवस. मग काय करायचं?

सांगा बरं. बाळ जन्मण्याआधी त्याच्यापर्यंत कोण पोचू शकतं?

बरोबर. आई. आईच्या दंडावर सुई टोचली की आईच्या रक्तात विषाला धरणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग वार काय करते, ऐका. वार आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळू देत नाही. पण ही प्रतिपिंडं ती निवडून, एकेक करून बाळाकडं पोचवते. शेवटच्या काही आठवड्यांत तर इतकी, की जन्मताना कधी कधी बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त प्रतिपिंडं असतात. आई स्वतःकडं ठेवते त्यापेक्षा जास्त बाळाला देते. ही म्हण नाही, मोजलेली गोष्ट आहे. १९६१ च्या सुमारास न्यू गिनी बेटावरच्या खेड्यांत डॉक्टरांनी गरोदर बायकांना ही लस देऊन पाहिली, आणि नीट मात्रा घेतलेल्या आयांची बाळं धनुर्वातापासून वाचली. सहाव्या रात्रीचं लिहिणं आईच्या दंडावर, कितीतरी आधीच, बदलता येतं, हे त्या खेड्यांनी दाखवलं.

त्या सेंट किल्डा बेटावर तर लस येण्याच्याही आधी मरण थांबलं. तिथल्या अँगस फिडिस नावाच्या पाद्र्यानं ग्लासगोला जाऊन स्वच्छ बाळंतपण कसं करायचं ते शिकून घेतलं आणि परत येऊन बेटावर तसं करायला लावलं. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच आठ दिवसांचं दुखणं बेटावरून गेलं. स्वच्छतेनंच ते साधलं. आपल्या सुईणींना पुढं अशाच पाच गोष्टी शिकवल्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा आणि बेंबीला काही न लावणं.

जगात १९८८ साली या एका दुखण्यानं सुमारे ७ लाख ८७ हजार नवी बाळं गेली असा अंदाज आहे. त्या दशकात भारतात दरवर्षी लाखाहून जास्त जायची. मग आयांना लस, दवाखान्यात बाळंतपण, गावोगावच्या नर्सबाई आणि आशाताई असं सगळं एकत्र आलं, आणि २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तपासून सांगितलं की भारतातून आई आणि नव्या बाळाचा धनुर्वात हटला. हटला म्हणजे कोणत्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागं एकसुद्धा नाही, इतका कमी. आपला बीड जिल्हाही त्यात आला.

सगळंच धनुर्वातानं व्हायचं असं नाही, हेही सांगायला हवं. पहिल्या महिन्यात जी बाळं दगावतात त्यातली तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात. कोणी थंडीनं, कोणी न्युमोनियानं, कोणी जंतुसंसर्गानं, कोणी वजन कमी म्हणून. सटवाईच्या नावावर हे सगळंच जमा व्हायचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेतून ३९ गावांतल्या बायकांना शिकवलं. घरी जाऊन बाळ बघायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, वेळेवर औषध द्यायचं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या साप्ताहिकात ते छापून आलं. ज्या बायकांनी हे केलं त्यातल्या कित्येक जेमतेम शिकलेल्या होत्या.

आणि सटवाईचा लेख कोणाला वाचता येत नाही, असं म्हणतात ना? निकोलायरनं बागेतली माती टोचली ते गोटिंगेन गाव आठवतंय ना, त्याच गावातल्या शास्त्रज्ञांनी २००३ साली या जंतूच्या अंगातला सगळा मजकूर वाचून काढला. सुमारे २८ लाख अक्षरं. गंमत अशी की विषाची कृती त्या मोठ्या मजकुरात नाहीच. ती एका वेगळ्या छोट्या कड्यावर आहे, फक्त ७४ हजार अक्षरांच्या. ज्या जंतूंकडून ते कडं हरवतं, ते मातीत तसेच राहतात आणि कोणाचं काही वाकडं करत नाहीत. सटवाईचा लेख म्हणून आपण ज्याला भ्यायलो, तो कपाळावर नव्हता. त्या कड्यावर होता.

मघाशी धाकटीनं विचारलं, आबा, मग हे दुखणं पुरतं संपवत का नाहीत? देवीचा रोग संपवला ना. हो, संपवला. भारतात १९७५ साली शेवटचा रोगी सापडला, १९८० साली जगानं देवी गेल्याचं जाहीर केलं. पण देवी माणसाकडून माणसाकडं जायची. माणसांची साखळी तोडली, की तिला राहायला जागाच उरली नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही. तो मातीत राहतो. सगळी माती कोण उकळणार? तो तुमच्या पोरांच्या वेळीही असेल, त्यांच्या पोरांच्या वेळीही असेल. म्हणून प्रत्येक पिढीला, प्रत्येक आईला नव्यानं सुई घ्यावी लागते.

त्यात आपल्या भागाची एक गोष्ट मोठ्यांनीही ऐकावी, म्हणून जरा जोरात सांगतो. दिवाळी झाली की इथून ट्रक भरून माणसं ऊसतोडीला निघतात. काही आपल्याच तेलगावच्या कारखान्यावर जातात, बाकी कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता, असं मुकादमाच्या वहीत लिहितात. त्या कोयत्यातली बाई पोटुशी असते तरी फडात मोळ्या उचलते, आणि कित्येकींची बाळंतपणं घरापासून दूर, उसाच्या पाचटाच्या कोपीत झाली आहेत. जाताना पहिली सुई इथल्या उपकेंद्रात झालेली असते आणि दुसरी चार आठवड्यांनी घ्यायची असते. तेवढ्यात टोळी निघून गेलेली असते. आईचं कार्ड पेटीत, गोधड्यांखाली राहतं. दुसऱ्या मुलखातल्या नर्सबाईला तिला आधी काय दिलंय ते कळत नाही. तर कार्ड बाईच्या पिशवीत हवं, पेटीत नाही. आणि जिथं कोपी पडेल, तिथल्या आशाताईला पहिल्याच आठवड्यात गाठायचं. वार आपलं काम चोख करते, पण तिच्याकडं पाठवायला आईच्या रक्तात काहीतरी असावं लागतं. दुसरी सुई बाळंतपणाच्या निदान दोन आठवडे आधी झाली पाहिजे, नाहीतर पोचवायला वेळच उरत नाही.

तुमचंही सांगतो. बाळाला दीड महिन्याला, अडीच महिन्याला आणि साडेतीन महिन्याला सुई आहे. त्यात धनुर्वाताची लस असते, तेव्हा ते रडलं तर कोणी कळवळून ती चुकवायची नाही. मग दीड-दोन वर्षांचं झाल्यावर एक, पाच-सहा वर्षांचं झाल्यावर एक. आणि थोरल्या, तुला दहा वर्षं पूर्ण झालीत. तुझी सुई या महिन्यात आहे, पुढची सोळाव्या वर्षी. तू परवा रानात पाय कापून आलास आणि माती लावून रक्त थांबवलंस, ते आजीनं मला सांगितलंय. जखमेला माती नाही, साबण आणि वाहतं पाणी. सोमवारी सकाळी आपण दोघं उपकेंद्रात जाऊ. मीसुद्धा घेणार आहे, म्हाताऱ्यांचं अंग शिकलेलं हळूहळू विसरतं.